मत आणि मतमोजणी : सुपरहीरो-चित्रकथांच्या वाचकांचा औचित्यविचार

१

एम.ए.च्या वर्गात भारतीय साहित्यशास्त्राच्या तासाला क्षेमेंद्राचा औचित्यविचार शिकवीत असताना घडलेल्या एका प्रसंगापासून या लेखाचा प्रारंभ करते. जे ज्याला साजेसे असते ते उचित आणि त्याचा भाव म्हणजे औचित्य, एवढे सांगून झाल्यावर विद्यार्थ्यांकडून मी उदाहरणे मागितली. अपेक्षित उत्तरे आली. नाटकातील राजाच्या तोंडी ग्राम्य भाषा, विरहाच्या प्रसंगी लांबलेले निसर्गवर्णन, अशी. मग मागच्या बाकावरील एका विद्यार्थिनीने विचारले, "मॅडम, सुपरमॅनची तांबडी चड्डी काढून टाकली तेव्हा वाचकांनी जो वाद घातला, तोही औचित्याचाच वाद म्हणायचा का?" वर्गात हशा पिकला. मीही हसले, आणि "आपण क्षेमेंद्राकडे वळू या" असे म्हणून पुढे गेले.

त्या हशाने प्रश्नाचे उत्तर दिले गेले नव्हते, हे माझ्या लक्षात यायला काही दिवस जावे लागले. ज्याला आपण अभिजात वाङ्मय मानतो त्यातील पात्राच्या वागण्याबोलण्याविषयी शंका काढली तर ती समीक्षा ठरते. आणि रंजनप्रधान चित्रकथेतील पात्राच्या वेषाविषयी तीच शंका काढली तर मात्र तो पोरखेळ ठरतो. हा भेद आपण कोणत्या निकषावर करतो? प्रश्न विचारण्याच्या पद्धतीवर की प्रश्नाच्या विषयाच्या प्रतिष्ठेवर? प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थिनीला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे. तिचा प्रश्न रास्त होता, असे माझे मत आहे. मात्र सुपरहीरोंच्या चाहत्यांचे सगळेच वाद समीक्षेच्या पदवीला पोचतात असे मला म्हणावयाचे नाही. कोणते पोचतात आणि कोणते पोचत नाहीत, याचा विवेक करता येतो, आणि तो करण्याची साधने आपल्याच परंपरेत आहेत, एवढेच येथे मांडावयाचे आहे.

२

प्रथम या वाङ्मयप्रकाराच्या एका वैशिष्ट्याकडे लक्ष वेधले पाहिजे. कादंबरीतील पात्राला एक कर्ता असतो. सुपरहीरोच्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. जेरी सीगल हा लेखक आणि जो शूस्टर हा चित्रकार, या दोन तरुणांनी निर्माण केलेला सुपरमॅन १९३८ साली 'अॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात अवतरला. त्या पात्राचे सर्व हक्क त्यांनी प्रकाशनसंस्थेला अवघ्या १३० डॉलरांना विकले होते. तेव्हापासून आजवर हे पात्र अनेक लेखकांच्या व चित्रकारांच्या हातांतून गेले आहे. लेखक येतात, दोन-चार वर्षे लिहितात आणि जातात, संपादक बदलतात, पात्र मात्र राहते. मालकी संस्थेची, लेखणी आज एकाची तर उद्या दुसऱ्याची, अशा या व्यवस्थेत पात्राची सलग स्मृती कोणाकडे असते? ती बहुधा वाचकाकडे असते. वीस वर्षांपूर्वी अमुक अंकात हा नायक काय बोलला होता, हे नव्या लेखकाला ठाऊक असेलच असे नाही; ज्याने तो अंक जपून ठेवला आहे त्या वाचकाला ते पक्के ठाऊक असते.

रोलाँ बार्थने वर्तविलेला लेखकाचा मृत्यू आपण सिद्धान्त म्हणून शिकवतो. येथे तो रोजचा व्यवहार आहे. लेखक नेमणुकीवर येतो आणि नेमणूक संपली की जातो. वाचक तेवढा कायम.

या वाचकाला बोलण्याची जागाही लवकरच मिळाली. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ज्यूलियस श्वार्ट्झ या संपादकाने आपल्या अंकांच्या पत्रव्यवहाराच्या पानांवर पत्रलेखकांचे पूर्ण पत्ते छापण्यास सुरुवात केली. परिणाम असा झाला की वाचक संपादकाला लिहिता लिहिता एकमेकांनाही लिहू लागले. १९६१ साली जेरी बेल्स या वाचकाने 'ऑल्टर ईगो' हे हौशी नियतकालिक काढले. त्यात त्याच्याबरोबर लिहिणारा रॉय थॉमस पुढे १९६५ साली मार्व्हल या प्रकाशनसंस्थेत लेखक म्हणून दाखल झाला. जिम शूटर या मुलाने आवडत्या मालिकेच्या कथा स्वतःच लिहून पाठविल्या, आणि १९६६ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्याची कथा छापून आली. वाचक, टीकाकार आणि लेखक यांच्यामधील भिंत या क्षेत्रात प्रारंभापासूनच पातळ आहे. आपल्याकडे दिवाळी अंकांना आलेली वाचकपत्रे कोणी जपून ठेवीत नाही. तेथे मात्र ही पत्रे वाङ्मयाच्या इतिहासाचे साधन झाली आहेत.

आपल्याला हे सर्वस्वी अपरिचित आहे असेही नाही. महाभारतातील पात्रे कोणा एकाची नाहीत, म्हणूनच ती पुनःपुन्हा लिहिली जातात आणि त्यांच्याविषयी वाद होतात. १९६७ या एकाच वर्षी शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' ही कादंबरी आणि इरावती कर्व्यांचे 'युगान्त' ही पुस्तके मराठीत आली. दोहोंतील कर्ण समोरासमोर ठेवले की एकाच वारशातून दोन भिन्न व्यक्तिरेखा कशा उभ्या राहतात हे कळते, आणि 'कर्ण असा असेल का?' हा प्रश्न आपण गंभीरपणे विचारतो. फरक एवढाच की कर्णावर कोणाची मालकी नाही. त्यामुळे प्रत्येकाला आपला कर्ण लिहिता येतो. सुपरमॅनचे तसे नाही. त्याला अधिकृतपणे लिहिण्याचा हक्क मालकाचा आहे. वाचकाच्या हाती उरतो तो फक्त वाद घालण्याचा हक्क. या वादांना जी धार येते तिचे एक कारण हेच असावे.

३

आता वेषाचा प्रश्न घेऊ. भरताने अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले त्यांत 'आहार्य' हा एक आहे. वेषभूषा, अलंकार, रंग यांचा त्यात समावेश होतो. आहार्य म्हणजे केवळ वरची सजावट नव्हे. पात्र रंगभूमीवर येताक्षणी, तोंडातून शब्द निघण्यापूर्वी, ते देव आहे की मानव, राजा आहे की विदूषक, हे प्रेक्षकाला सांगणारी ती एक भाषा आहे. चित्रकथेत तर चित्र आधी दिसते आणि शब्द नंतर वाचला जातो. तेव्हा आहार्याचे महत्त्व येथे नाटकाहूनही अधिक.

सुपरमॅनच्या निळ्या घट्ट पोषाखावरची तांबडी चड्डी ही १९३०च्या दशकातील सर्कशीतल्या पहिलवानांच्या वेषावरून आली. त्या काळच्या वाचकाला ती पाहताच 'हा बलदंड पुरुष आहे' हे कळत असे. पुढे सर्कस मागे पडली आणि संकेताचा मूळ अर्थ विसरला गेला. २०११ साली डीसी या प्रकाशनसंस्थेने आपल्या सर्व मालिका नव्याने सुरू केल्या तेव्हा ही चड्डी काढून टाकली. २०१८ साली 'अॅक्शन कॉमिक्स'च्या हजाराव्या अंकात ती परत आली, आणि २०२५च्या चित्रपटातील सुपरमॅननेही ती घातली. मधल्या सात वर्षांतील वाद वरवर हास्यास्पद वाटतो. परंतु त्यातील युक्तिवाद नीट पाहिले तर ते दोन जातींचे असल्याचे दिसून येते.

पहिल्या जातीचा युक्तिवाद असा : 'ती नेहमी होती, म्हणून असावी.' दुसऱ्या जातीचा असा : 'सुपरमॅन हा भीती घालणारा नायक नव्हे, संकटात सापडलेल्या लहान मुलालाही त्याच्याजवळ जावेसे वाटले पाहिजे. सर्कशीची आठवण देणारा भडक आणि थोडासा बावळट वेष हा त्याच्या सौम्यतेचा भाग आहे. चिलखतासारखा गंभीर पोषाख घातला की तो सैनिक दिसू लागतो.' पहिला युक्तिवाद सातत्याचा आहे, दुसरा औचित्याचा. पहिल्यात भूतकाळाचा दाखला आहे. दुसऱ्यात वेष आणि स्वभाव यांच्यातील संबंधाचा विचार आहे. दोन्ही युक्तिवादांचे निष्कर्ष एकच असले तरी त्यांची योग्यता एक नाही. क्षेमेंद्राने औचित्याची जी सत्तावीस स्थाने सांगितली त्यांत कुल, व्रत, स्वभाव, अवस्था आणि नाम यांचा उल्लेख आहे. 'पूर्वी असे होते' हे त्यांतील एकही स्थान नाही, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सातत्य आणि औचित्य हे नेहमी एकाच बाजूला असतात असेही नाही. कॅरल डॅनव्हर्स या व्यक्तिरेखेचे उदाहरण याबाबतीत बोलके आहे. ही अमेरिकी वायुदलातील अधिकारी. परंतु १९७८ पासून दीर्घकाळ तिला पोहण्याच्या पोषाखासारखा, पाय उघडे टाकणारा काळा वेष दिला गेला होता. २०१२ साली केली सू डिकॉनिक या लेखिकेने तिला 'कॅप्टन मार्व्हल' हे नाव धारण करायला लावले, आणि जेमी मॅकेल्व्ही या चित्रकाराने वैमानिकाच्या गणवेषाशी नाते सांगणारा संपूर्ण अंगभर वेष तिला दिला. येथे सातत्य मोडले आणि औचित्य साधले. स्त्री-नायिकांच्या वेषाविषयी वाचक स्त्रियांनी जी तक्रार वर्षानुवर्षे केली ती केवळ शालीनतेची होती असे समजणे चूक ठरेल. 'ही बाई लढायला निघाली आहे की कोणाच्या तरी नजरेसाठी उभी आहे?' हा तिचा गाभा होता. आणि हा प्रश्न पात्राच्या अभिप्रायाविषयीचा आहे.

वंडर वुमनची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. १९६८ साली तिच्या दिव्य शक्ती आणि तिचा प्रसिद्ध वेष काढून घेऊन तिला साध्या आधुनिक कपड्यांतील, हाताने लढणारी मानवी स्त्री बनविण्यात आले. लेखक डेनी ओनील याला हे स्त्रीमुक्तीच्या दिशेने टाकलेले पाऊल वाटले होते. पण लहानपणापासून वंडर वुमन वाचत आलेल्या ग्लोरिया स्टायनम या स्त्रीवादी लेखिकेला ते नेमके उलटे वाटले. तिच्या 'मिस' या नियतकालिकाच्या जुलै १९७२च्या अंकाच्या मुखपृष्ठावर जुन्या वेषातील वंडर वुमन झळकली, आणि १९७३ साली तिच्या शक्ती तिला परत मिळाल्या. येथे वाचकाचा आक्षेप मूलतः असा होता की समर्थ स्त्री दाखवायची म्हणून तिचे सामर्थ्यच काढून घेणे हे अनुचित आहे. लेखकाचा हेतू चांगला होता. तरीही वाचकाचे बरोबर होते. हेतू आणि परिणाम यांतील हे अंतर कोणत्याही समीक्षकाच्या नित्य परिचयाचे आहे.

४

येथवर वाचकाच्या मताची थोरवी सांगितली. आता त्याची दुसरी बाजू पाहिली पाहिजे. मराठीत 'मत' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. विचारपूर्वक बनविलेला अभिप्राय म्हणजे मत. आणि निवडणुकीत पेटीत टाकायचे तेही मतच. या दोन अर्थांमधील अंतर सुपरहीरोंच्या इतिहासात एका प्रसंगी फार स्पष्टपणे दिसले.

बॅटमनचा साहाय्यक रॉबिन. मूळचा रॉबिन मोठा होऊन स्वतंत्र झाल्यावर १९८३ साली जेसन टॉड हा दुसरा रॉबिन आला. आरंभी त्याची पूर्वकथा पहिल्या रॉबिनचीच नक्कल वाटावी अशी होती. १९८७ साली ती बदलून त्याला बॅटमनच्याच गाडीची चाके चोरणारा रस्त्यावरचा पोर करण्यात आले. हा उद्धट, संतापी मुलगा अनेक वाचकांना आवडला नाही. १९८८ साली संपादकांनी एक प्रयोग केला. कथेच्या एका भागाच्या शेवटी जेसन स्फोटात सापडतो. त्याने जगावे की मरावे यासाठी दोन दूरध्वनी क्रमांक देण्यात आले, आणि वाचकांनी पैसे मोजून फोन करावयाचा होता. छत्तीस तासांत १०,६१४ फोन आले. मरावा असे म्हणणारे ५,३४३. जगावा असे म्हणणारे ५,२७१. अवघ्या ७२ मतांनी एक मुलगा मेला.

या प्रसंगावर त्या काळी क्रौर्याचा आरोप झाला. माझा आक्षेप थोडा वेगळा आहे. कथेत पात्र मरणे यात गैर काही नाही. ती शोकात्म वाङ्मयाची रीतच आहे. आक्षेपार्ह होते ते असे की दूरध्वनीच्या त्या यंत्राने वाचकाला 'का?' हा प्रश्नच विचारला नाही. पत्रव्यवहाराच्या पानावर 'जेसन नको' असे लिहिणाऱ्या वाचकाला निदान चार ओळींत कारण द्यावे लागे. तो उद्धट आहे म्हणून नको, की त्याचे औद्धत्य नीट लिहिले गेले नाही म्हणून नको, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात पात्राचा दोष आहे, दुसऱ्यात लेखनाचा. दुसऱ्या दोषावर मृत्यू हा उपाय नव्हे. चांगले लेखन हा उपाय आहे. फोनच्या घंटीत मात्र हे दोन्ही आक्षेप एकच होऊन गेले. अभिप्राय या अर्थाच्या मताची जागा मोजणीच्या मताने घेतली, आणि वाचक समीक्षक न राहता ग्राहक झाला. पुढे २००५ साली जेसन टॉडला कथेत पुन्हा जिवंत करण्यात आले, आणि तो उद्धट, दुखावलेला तरुण अनेकांच्या आवडीचा झाला. नीट लिहिले गेले असते तर तो आधीही आवडू शकला असता, असा निष्कर्ष यातून काढता येतो.

याच्या शेजारी दुसरा प्रसंग ठेवून पाहावा. मेलेल्या जेसनचा रॉबिन-वेष बॅटमनने आपल्या गुहेत काचेच्या पेटीत स्मारक म्हणून जपून ठेवला होता. २००४ साली स्टेफनी ब्राऊन ही मुलगी काही काळ रॉबिन झाली, आणि त्याच वर्षी एका कथामालिकेत तिचा छळ होऊन मृत्यू झाल्याचे दाखविण्यात आले. तिच्यासाठी मात्र गुहेत पेटी उभी राहिली नाही. काही वाचकांनी, विशेषतः स्त्री-वाचकांनी, विचारले : हिची पेटी कुठे आहे?

हा प्रश्न मला समीक्षेचा उत्तम नमुना वाटतो. 'स्टेफनी आम्हांला आवडत होती' असे या वाचक म्हणत नव्हत्या. त्यांनी कथाविश्वाचाच नियम कथाविश्वाला लावला. मेलेल्या रॉबिनचे स्मारक करणे हे बॅटमनच्या स्वभावात आहे, असे तुम्हीच ठरविले. मग मेलेली रॉबिन मुलगी असताना तो नियम का मोडला? बॅटमन असा भेद करणारा माणूस आहे, असे तुम्हांला म्हणायचे आहे काय? तसे असेल तर तसे लिहा. तसे नसेल तर ही बॅटमनची विस्मृती नाही, ही तुमची आहे. कितीजणांनी हा प्रश्न विचारला याला महत्त्व नाही. तो एकाच वाचकाने विचारला असता तरी तितकाच खरा ठरला असता. मतमोजणी आणि मत यांतील भेद तो हाच. २००८ साली स्टेफनी कथेत परत आली. तिचा मृत्यू खोटा ठरविण्यात आला.

५

वाचकांची दोन्ही मते सकारण असतील तर काय करावे, या प्रश्नाला बार्बरा गॉर्डनच्या उदाहरणाने सामोरे जावे लागते. १९६७ साली बॅटगर्ल म्हणून अवतरलेली ही ग्रंथपाल तरुणी. १९८८ साली अॅलन मूर व ब्रायन बोलंड यांच्या 'द किलिंग जोक' या कथेत जोकर तिच्यावर गोळी झाडतो आणि ती कायमची पंगू होते. त्या कथेत तिच्या दुःखाला स्वतःचे असे स्थान नाही. तिचा पिता आणि बॅटमन यांना यातना व्हाव्यात यासाठी तिचा उपयोग केला आहे. जॉन ऑस्ट्रँडर आणि किम येल या लेखक-दांपत्याला ही गोष्ट खटकली. १९८९ साली त्यांनी बार्बराला 'ओरॅकल' या नावाने परत आणले. चाकांच्या खुर्चीत बसून, संगणक आणि माहिती यांच्या बळावर ती इतर नायकांना मार्ग दाखवू लागली. पुढे 'बर्ड्स ऑफ प्रे' या मालिकेत ती मध्यवर्ती झाली. अपंगत्व असलेल्या अनेक वाचकांना या वाङ्मयप्रकारात आपल्यासारखे कोणी प्रथमच भेटले.

२०११ साली मालिका नव्याने सुरू झाल्या तेव्हा बार्बरा उपचाराने बरी झालेली दाखविली आणि ती पुन्हा बॅटगर्ल झाली. वाद पेटला. मौज अशी की दोन्ही बाजूंचे युक्तिवाद औचित्याचेच होते. एक बाजू म्हणे : १९९३ साली एका खलनायकाने बॅटमनचा कणा मोडला, तो मात्र बरा होऊन परत उभा राहिला. ज्या जगात मेलेलेही परततात, तेथे हिलाच खुर्चीत का ठेवायचे? हा नियम तिच्यापुरताच का? दुसरी बाजू म्हणे : बावीस वर्षांत तिने जो अर्थ मिळविला आहे तो खुर्चीपासून वेगळा करता येत नाही. तिला बरे करणे म्हणजे अपंग माणसाची कथा त्याच्या बरे होण्यानेच पूर्ण होते, हा जुना संकेत पुन्हा प्रस्थापित करणे होय.

माझे मत दुसऱ्या बाजूकडे झुकते. पहिला युक्तिवाद कथाविश्वाच्या नियमांविषयी आहे आणि तो बिनचूक आहे. परंतु आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्द्योतात ज्या प्रकृतीच्या औचित्याचा विचार केला आहे, तो केवळ संभाव्यतेचा विचार नाही. केवळ मानव असलेल्या राजाने सप्तसमुद्र ओलांडल्याचे वर्णन त्याला नीरस वाटते. ते घडणे अशक्य आहे, एवढेच त्याचे कारण नव्हे; त्या वर्णनाने त्या पात्राची प्रकृती ढळते आणि रसाला बाध येतो. बॅटमनची प्रकृती पडून पुन्हा उठण्याची आहे. म्हणून त्याचे बरे होणे उचित. बार्बराची प्रकृती १९८९ नंतर निराळी घडली. न उठताही सामर्थ्य गाजविता येते, हे तिचे सत्त्व झाले. एकाच जगात एकाला बरे करणे उचित आणि दुसरीला बरे करणे अनुचित ठरू शकते, ते यामुळे. तरीही पहिल्या बाजूच्या वाचकांशी वाद घालावासा वाटतो, याचे कारण त्यांनी कारण दिले आहे. हा प्रश्न मते मोजून सुटला असता तर आपण काहीच शिकलो नसतो.

६

या सर्व विवेचनावर दोन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की चाहत्यांचे वाद पुष्कळदा असभ्य असतात, आणि स्त्रियांना व अल्पसंख्याकांना लक्ष्य करतात. हे खरे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. २०११ साली माइल्स मोराल्स हा कृष्णवर्णी पित्याचा आणि प्वेर्तो रिकन मातेचा मुलगा स्पायडरमॅन झाला तेव्हा काही वाचकांनी त्याच्या वर्णालाच हरकत घेतली. परंतु ही हरकतही वरील कसोटीवर तपासता येते. स्पायडरमॅनचे सत्त्व कशात आहे? शक्तीबरोबर येणारी जबाबदारी ओळखण्यात, की कातडीच्या रंगात? १९६२ साली स्टीव्ह डिटको या चित्रकाराने त्याला जो वेष दिला तो चेहऱ्यासह संपूर्ण शरीर झाकणारा आहे. त्वचेचा तसूभरही भाग दिसत नाही. मूळ आहार्यातच उत्तर होते. ज्यांनी हरकत घेतली त्यांच्याकडे सातत्य होते, औचित्य नव्हते. वाईट वादाचे उत्तर वाद बंद करणे हे नसून वादाकडे कारण मागणे हे आहे.

दुसरा आक्षेप आपल्या विभागांतून येईल : हे सर्व परकीय आणि बाजारू वाङ्मय आहे, मराठीच्या अध्यापकाने त्यात का पडावे? यातील 'परकीय' हा शब्द तितकासा खरा नाही. १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून फॅण्टम हा 'वेताळ' होऊन मराठी मुलांच्या घरी आला. घरातील थोरल्या भावंडांनी जपून ठेवलेल्या त्या अंकांवर माझ्या पिढीचेही वाचन पोसले. त्या नामांतराने वेताळपंचविशीची केवढी छाया त्या मुखवट्यामागे उभी केली, हा नामौचित्याचा अभ्यास कोणीतरी करावयास हवा. 'बाजारू' या शब्दाविषयी एवढेच म्हणते की औचित्यविचार हा विषयाची प्रतिष्ठा पाहून लागू होणारा विचार नव्हे. 'कुमारसंभवा'च्या आठव्या सर्गातील शिवपार्वतींच्या शृंगाराविषयी आपल्या आलंकारिकांनी जी चर्चा केली तिचे स्वरूप काय होते? दिव्य पात्राला असे रंगवावे का, हाच तो प्रश्न. आनंदवर्धनाने तेथे दोष मान्य केला, पण कवीच्या शक्तीने तो झाकला गेला असेही म्हटले. क्षेमेंद्र तर कालिदासाच्या ठिकाणीही अनौचित्य दाखवायला कचरत नाही. कोणाच्याही पात्राविषयी, कोणत्याही वाचकाला, सकारण शंका घेता येते, हीच या परंपरेची शिकवण आहे.

आपल्या वर्गांतून नेमके हेच हरवले आहे, असे खेदाने म्हणावे लागते. आपले विद्यार्थी औचित्याची व्याख्या आणि त्याची सत्तावीस स्थाने पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवितात. परंतु नेमलेल्या कादंबरीतील नायिकेने अमुक प्रसंगी असे वागायला नको होते, असे कारणासहित म्हणण्याचे धाडस त्यांच्यापैकी फार थोड्यांना होते. तसे म्हणणे म्हणजे मोठ्या लेखकाचा अवमान करणे, असा समज आपणच करून दिला आहे. काचेची पेटी कुठे आहे, असे विचारणाऱ्या त्या वाचकांनी बहुधा क्षेमेंद्र वाचलेला नव्हता. त्यांनी तो आचरणात आणला. आपण तो वाचला आहे.

तेव्हा दोन सूचना नम्रपणे कराव्याशा वाटतात. पदव्युत्तर प्रबंधिकांसाठी चित्रकथा आणि त्यांचा वाचकव्यवहार हा विषय विभागांनी नाकारू नये. मात्र त्यात आवडीनिवडीची जंत्री न मागता युक्तिवादांचे विश्लेषण मागावे. आणि साहित्यशास्त्राच्या अभ्यासपत्रिकेत औचित्याची स्थाने विचारण्याऐवजी एकदा तरी असे विचारून पाहावे : तुम्ही वाचलेल्या कोणत्याही कथेतील एक पात्र घ्या, त्याच्या बाबतीत लेखकाने केलेली एक अनुचित गोष्ट दाखवा आणि ती अनुचित का, ते सांगा. सुपरमॅनविषयी विचारणारी ती विद्यार्थिनी आता पदवी घेऊन बाहेर पडली आहे. पुढच्या सत्रात हा तास येईल तेव्हा तिच्या उदाहरणानेच तो सुरू करण्याचा माझा विचार आहे.